पहिली पेटी : मॉड्युलर सिंथसायझरच्या निवडीची समीक्षा

(विश्रामबाग, सांगली इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. उपशीर्षकं वाचनाच्या सोयीसाठी घातली आहेत.)

मॉड्युलर सिंथसायझरची पहिली जुळणी कशी निवडावी, हा आजचा विषय. यावर व्याख्यान कशाला, दुकानदाराला विचारलं की झालं, असं कुणाला वाटू शकतं. पण मी आज दुकानाबद्दल कमी आणि समीक्षेबद्दल जास्त बोलणार आहे. कारण असं बघा, नवशिक्यांसाठी म्हणून यंत्रांची जी यादी फिरत असते, ती यादी म्हणजे संगीताबद्दलचं एक मत असतं. संगीत कशाला म्हणायचं, सूर किती, ताल कसा मोजायचा, हे सगळं त्या यादीत आधीच ठरलेलं असतं. पुस्तकाची समीक्षा करतो, नाटकाची करतो, तशी या यादीचीही केली पाहिजे. पैसे भरून झाल्यावर ती करण्यात अर्थ नाही.

आणि हे विश्रामबागेत बोलायला मला विशेष बरं वाटतं. इथे वालचंद कॉलेज आहे, विलिंग्डन कॉलेज आहे. सर्किट समजणारी मुलं आणि गाणं ऐकणारी मुलं एकाच चहाच्या गाड्यावर उभी असतात. आणि याच रस्त्याने सरळ पुढे गेलं की मिरज. तिथल्या सतारमेकर गल्लीत आजही तंबोरे घडतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हा धंदा उभा केला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तेव्हा आवाज घडवणारं यंत्र कसं निवडावं, हा प्रश्न या गावांना नवा नाही.

यंत्र आहे तरी काय

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या सिंथसायझरमध्ये आवाज तयार करणारा भाग, तो गाळणारा भाग, लहानमोठा करणारा भाग, हे सगळं कारखान्यात आतून जोडलेलं असतं. मॉड्युलरमध्ये हे भाग सुटे मिळतात. ऑसिलेटर वेगळा, फिल्टर वेगळा, व्हीसीए म्हणजे आवाजाची तोटी वेगळी. ते एका पेटीत बसवायचे आणि छोट्या केबलींनी आपल्या मनाप्रमाणे जोडायचे. अमेरिकेत १९६०च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी स्वतंत्रपणे अशी यंत्रं केली. आज जो आकार सगळीकडे चालतो तो युरोरॅक. तो १९९०च्या दशकात जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी रुजवला. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी मोजायचं एकक ५.०८ मिलिमीटर, त्याला एचपी म्हणतात. ८४ एचपीची एक ओळ म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर. वीज अधिक-उणे १२ व्होल्ट. आणि आजच्या विषयाला सगळ्यात महत्त्वाचा नियम हा, की बहुतेक ठिकाणी एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. सूर इथे विजेचा दाब म्हणून येतो. दाब किती असावा यावर यंत्राची काहीच सक्ती नाही. सक्ती येते ती आपण पुढे जे मॉड्यूल विकत घेतो त्यातून.

शंभर वर्षांपूर्वीची यादी

आता थोडं मागे जाऊ. आपल्या भागातले एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते, कृष्णाजी बल्लाळ देवल. त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तारेवर मोजमाप करून श्रुतींची गुणोत्तरं त्यांनी मांडली. त्यांच्या प्रयोगांना गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा, ज्यांचं नाव आपण मिरजेशिवाय घेऊच शकत नाही. मग आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले आणि या श्रुती वाजवू शकेल अशी एक हार्मोनियम इंग्लंडमध्ये बनवून घेतली गेली. बडोद्याला १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ही पेटी पुढे आली आणि तिच्यावरून कडाक्याचा वाद झाला. भातखंड्यांना ही मांडणी मान्य नव्हती. पेटी काही रुजली नाही. पुढे १९४० मध्ये तर आकाशवाणीने साध्या हार्मोनियमलाही दरवाजा बंद केला, आणि ती बंदी तीन दशकं टिकली.

या गोष्टीकडे अपयशाची गंमत म्हणून बघू नका. देवलांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. आयतं आलेलं यंत्र आपले सूर देत नसेल तर यंत्र बदलायचं की सूर? त्यांनी यंत्र बदलायला घेतलं. हे धाडस आहे, आणि ते आपल्या इथल्या माणसाने केलं याचा अभिमान वाटावा. माझा आक्षेप त्यांच्या उत्तरावर आहे. त्यांनी बारा ठरलेल्या जागांच्या ऐवजी जास्त ठरलेल्या जागा दिल्या. पण तोडीचा गंधार ही फक्त जागा नाही. वरून येताना तो कसा येतो, किती वेळ रेंगाळतो, रिषभाला कसा टेकतो, यात तोडी आहे. पट्ट्या वाढवून ती वाट मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, याचा सिंथसायझरशी संबंध काय? सांगतो.

क्वांटायझर नावाचा पाहुणा

नवशिक्यांच्या जवळजवळ प्रत्येक यादीत क्वांटायझर असतो. कुठलाही दाब आत घाला, तो जवळच्या सुराला नेऊन चिकटवतो. म्हणजे चुकीचा सूर लागूच शकत नाही. ऐकायला किती छान! पण बहुतेक क्वांटायझर चिकटवतात ते पियानोच्या बारा समान भागांना. एक व्होल्टचे बारा भाग, प्रत्येक साधारण ८३ मिलिव्होल्टचा. काही मॉड्यूलांमध्ये स्वतःची स्वरपट्टी घालता येते, पण यादी देणारा ते सांगत नाही, कारण त्याला त्याची गरज कधी पडलेली नसते.

जरा आकडे बघू. तंबोऱ्यातून जो शुद्ध गंधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जाशी पाचास चार या नात्याने असतो. पियानोचा गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा. मॉड्युलरच्या भाषेत हा फरक साडेअकरा मिलिव्होल्टच्या आसपास येतो. वाटतं, एवढ्याने काय होतं? काळी एकला तंबोरा लावा. जोडीची तार साधारण १३८.६ हर्ट्झवर असेल. तिचा पाचवा स्वरांश ६९३ हर्ट्झवर, तोच तो गंधार. आता क्वांटायझरमधून आलेला त्या सप्तकातला गंधार सोडा, तो ६९८च्या थोडा वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाच-साडेपाच हेलकावे येतात. आलापीच्या गतीला हे हेलकावे कान कुरतडतात. द्रुत लयीत कदाचित कळणारही नाहीत.

म्हणजे १९१६ सालचा वाद आज मिलिव्होल्टमध्ये चालू आहे. फक्त आज वाद घालायला कुणी बसत नाही. यादीत असतं म्हणून आपण मागवतो.

एक रेकॉर्ड, तीन यंत्रं

आता एका कलाकृतीकडे वळू, म्हणजे हे हवेत राहणार नाही. मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून एक रेकॉर्ड काढली. वापरली तीन यंत्रं, तिन्ही रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ हा सिंथसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या चालींचं छोटं यंत्र. तेव्हा रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. पाचेक वर्षांनी शिकागोत टीबी-३०३ याच यंत्रातून ॲसिड हाउस नावाचा प्रकार जन्मला, आणि २०१० मध्ये ही जुनी रेकॉर्ड नेदरलँड्समधून पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. चरणजित सिंग २०१५ मध्ये गेले.

परदेशात हिचं कौतुक झालं ते 'पहिला कोण' या अंगाने. आपण तिच्याकडे रागाच्या बाजूने बघितलं पाहिजे. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. चरणजित सिंगांच्या हातात ती मींडेची आठवण करून देते, आणि ही त्यांची मोठी नजर आहे. ज्याने ते यंत्र बनवलं त्याच्या मनात बास गिटार होती, यांनी त्यात मींड ऐकली. पण या घसरण्याला लागणारा वेळ यंत्राने ठरवलेला. मींडेचं सगळं सौंदर्य तर त्या वेळेत असतं.

दुसरं, भूपाली आणि मालकंस तिथे तगतात. पाचच सूर, त्यांच्यातलं अंतर मोकळं, जलद तानांमध्ये पियानोच्या जागा खपून जातात. तोडीला मात्र तेच घर अडचणीचं होतं. तोडीचे स्वर आहेत, आरोह-अवरोह आहे, पण रिषभ-गंधाराचं ते खाली ओढलेलं कारुण्य नाही. ठेकाही जवळजवळ सगळीकडे एकाच चालीचा. म्हणून माझं मत असं, की ही रेकॉर्ड तानेची आहे, आलापाची नाही. आणि यंत्रांची निवड पाहिली तर ती तशीच होणार होती. यात कलावंताचा कमीपणा नाही. तीन यंत्रांमधून जे निघू शकत होतं, त्याच्या टोकापर्यंत तो माणूस गेला. तीनच यंत्रं होती म्हणूनही गेला असेल.

आधी यंत्र, मग संगीत

याच्या उलट उदाहरण अहमदाबादचं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूगचा मॉड्युलर सिंथसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो स्टुडिओ उभा करून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. मग यंत्र थांबलं, टेप कपाटात राहिल्या. पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांचा संच प्रसिद्ध झाला.

त्या संचात माथुरांच्या एका रचनेचं नावच आहे 'वन्स आय प्लेड अ तानपुरा'. म्हणजे देशातल्या पहिल्या मॉड्युलरपुढे बसलेल्या माणसाच्या मनात पहिल्या काही वर्षांतच तंबोरा आला. मला हे फार बोलकं वाटतं. तो संच ऐकताना माझ्या कानाला असं जाणवतं, की जिथे ही मंडळी यंत्राकडून धून काढायला जातात तिथे ती पाहुण्यासारखी वाटतात. जिथे नुसत्या नादाशी खेळतात तिथे घरच्यासारखी. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. एवढं मोठं यंत्र, एवढ्या हुशार माणसांच्या हाती, आणि तरी परंपरा उभी राहिली नाही. यंत्र संस्थेत होतं, घरात नव्हतं. रोजच्या रियाजाला मिळत नव्हतं. तेव्हा पहिली पेटी लहान असावी, आपल्या टेबलावर मावणारी असावी आणि रोज उघडली जावी. यापेक्षा मोठी अट माझ्याकडे नाही.

तंबोरा मॉड्यूल म्हणून पाहा

आता निवडीकडे. मी तंबोऱ्याला नमुना धरतो. भक्तिभावाने नव्हे, रचना म्हणून. चार तारा, म्हणजे चार ऑसिलेटर. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा आणि तुणीचं लाकूड, म्हणजे फिल्टर. घोडीवरचा जवारीचा दोरा, ही तर कमालच आहे. दोरा योग्य जागी सरकवला की तार घोडीच्या उतरत्या पाठीला घासत राहते आणि वरचे स्वरांश फुलत जातात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच्यावर निबंध लिहिला. जिथे तार छेडली तिथे ज्या स्वरांशांची गाठ पडते ते ऐकू येऊ नयेत असा नियम, पण तंबोरा आणि वीणा तो पाळत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. मॉड्युलरमध्ये याच्या सगळ्यात जवळ जातं वेव्हफोल्डर नावाचं मॉड्यूल. ते लाट घडी घालून वरचे स्वरांश उभे करतं. बुकला यांच्या परंपरेतून आलेलं आहे.

आणि शेवटी खुंटी आणि मणी. खुंटीने तार साधारण लावायची, मण्याने नेमकी. इथे आजच्या याद्यांची सगळ्यात मोठी चूक आहे. त्या खुंट्या विकतात आणि मणी विसरतात.

हिशेब करून दाखवतो. समजा तुमच्याकडे शून्य ते पाच व्होल्ट देणारा नॉब आहे. तो साधारण ३०० अंश फिरतो. म्हणजे एका अंशाला जवळपास १७ मिलिव्होल्ट. आणि देवल ज्या छोट्या श्रुतीबद्दल भांडत होते, ८१ भागिले ८० या गुणोत्तराची, ती साधारण १८ मिलिव्होल्ट. म्हणजे अख्खी श्रुती नॉबच्या एका अंशात! बोट थरथरलं तरी श्रुती गेली. (हशा) आता मध्ये एक साधा ॲटेन्युएटर घाला, म्हणजे दाब कमी करणारा नॉब. तो दहाव्या हिश्शावर ठेवला की तेच ३०० अंश अर्ध्या व्होल्टमध्ये, म्हणजे सहा पट्ट्यांमध्ये पसरतात. श्रुतीला दहा-अकरा अंश मिळतात. आता हात काम करू शकतो. पेटीतल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी ही एक. तिच्यावाचून महागडा ऑसिलेटर नुसताच सुरेल असतो, आपल्या सुरात येत नाही.

तर माझी पहिली पेटी अशी. एक ओळ, ८४ एचपी, आणि ती पूर्ण भरायची नाही. ऑसिलेटर दोन. एक षड्जाला राहील, दुसरा फिरेल. एकच ऑसिलेटर असला की सूर कशाच्या नात्याने लावायचा तेच कळत नाही. वेव्हफोल्डर एक. फिल्टर एक. व्हीसीए निदान दोन, जमलं तर चार, कारण आवाजाचीच नाही तर बदलाचीही तोटी लागते. एन्व्हलप एक. एलएफओ एक, मिनिटभराची फेरी घेऊ शकेल इतका संथ. स्ल्यू लिमिटर एक, मींडेसाठी. याचा वेळ दाबाने बदलता येणारा घ्या, म्हणजे टीबी-३०३ची अडचण तुम्हाला येणार नाही. ॲटेन्युएटर आणि ऑफसेट, मिक्सर, आणि हेडफोन जोडता येईल असं आउटपुट. हाताने वाजवायला की-बोर्डऐवजी रिबन किंवा स्पर्शपट्टी मिळाली तर उत्तम. क्वांटायझर पहिल्या वर्षी नको. सहा महिने कानाने लावा. मग हवा असेल तर स्वतःची स्वरपट्टी भरता येणारा घ्या.

सिक्वेन्सरबद्दलही बोललं पाहिजे. आठ किंवा सोळा पावलांचा मिळतो. लांबी बदलता आली की सात मात्रांचा रूपक, दहाचा झपताल, चौदाचा धमार सगळं मोजता येतं. पण मोजणं म्हणजे ताल नव्हे. यंत्राला खाली-भरी कळत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या ओळीतून एक वेगळा दाब काढा आणि खालीच्या मात्रांना खर्जाची तोटी बंद करा, जसा तबलजी डग्ग्याचा घुमारा काढून घेतो. त्रितालात नवव्या मात्रेला खर्ज नाहीसा झाला की डोळे मिटून बसलेल्या माणसालाही आपण कुठे आहोत ते कळतं. ही एक केबल आहे, नवं मॉड्यूल नाही.

एक सावधगिरी. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सचं रिंग्ज नावाचं मॉड्यूल फार लोकप्रिय झालं. त्यात तरफेच्या तारांसारखा झंकार देणारी एक तऱ्हा आहे. लावलं की लगेच 'भारतीय' वाटतं. आणि तिथेच धोका आहे. पर्यटनाच्या जाहिरातीतली सतार आणि मैफलीतली सतार यांत जो फरक, तोच इथे. जो आवाज पहिल्या मिनिटाला आपल्याला खूश करतो, त्याच्याकडे सहाव्या महिन्यात काय शिल्लक आहे, हा समीक्षेचा प्रश्न आहे. वाईट मॉड्यूल आहे असं मी म्हणत नाही. पहिलं नसावं, एवढंच.

आणि विजेचं. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर खातं ते लिहिलेलं असतं. अधिक १२ आणि उणे १२, दोन्ही बाजूंची वेगळी बेरीज करा आणि पुरवठा त्याहून पाव-तिसऱ्या हिश्शाने जास्त घ्या. चपट्या केबलीची लाल कडा उणे १२ कडे. उलटी लावली तर मॉड्यूल जळू शकतं. घरातलं अर्थिंग तपासून घ्या, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण येते. ती पांढरी पाचच्या जरा वर लागते, आणि हा तंबोरा कुणीच मागितलेला नसतो. (हशा) ॲनालॉग ऑसिलेटर सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मगच सूर लावा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर मधून मधून पुन्हा लावावा लागतो. गायक मैफलीत तंबोरा पुन्हा पुन्हा मिळवतोच की.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, एवढं सगळं घ्यायचं म्हणजे लाखाच्या घरात जातं. इंजिनिअरिंगच्या पोराने काय करायचं?

उत्तर : पैसे खर्च करू नकोस, असंच मी आधी सांगेन. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची एक आवृत्ती फुकट मिळते. मी सांगितलेली पेटी त्यात जशीच्या तशी मांड. तीन महिने त्यातच राहा. रोज ज्या मॉड्यूलकडे हात गेला नाही ते यादीतून काढ. माझ्या अंदाजाने निम्मी यादी गळेल. मग मूगच्या मदर-३२ सारखा अर्धजोडणीचा सिंथ, तोही जुना मिळाला तर बघ. त्यात एक ऑसिलेटर, फिल्टर, सिक्वेन्सर आतून जोडलेलं असतं आणि बाहेरून केबलीही लावता येतात. पुढे तो पेटीतही बसतो. बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअर धरूनच किंमत मोज. आणि तुला सोल्डरिंग येतं ना? ॲटेन्युएटर आणि मिक्सर घरी बनव. म्युटेबलच्या रचना खुल्या आहेत, त्या वाचल्यास तरी खूप शिकशील.

प्रश्न : माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमचा वाद्यांशी संबंध आहे. तुम्ही तंबोरा नमुना म्हणता, मग मुलांनी मिरजेचा तंबोराच का घेऊ नये? आधीच इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने आणि मोबाइलमधल्या तंबोऱ्याने कारागिराच्या पोटावर पाय आलाय.

उत्तर : काका, हा आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याला गोड उत्तर देऊन मी निसटणार नाही. मोबाइलमधल्या तंबोऱ्याने तंबोऱ्याची जागा घेतली, कारण त्याच्याकडून आपण फक्त षड्ज-पंचमाची हजेरी मागितली. जवारी मागितलीच नाही. ऐकणाऱ्याने मागणं कमी केलं की कारागीर जातो. मॉड्युलरचं वेगळेपण एवढंच, की त्यात जवारीसारखं काही करायचं तर ती काय असते हे आधी कानाला कळावं लागतं. दोरा एक केसभर सरकवला की आवाज उघडतो कसा, हे ज्याने प्रत्यक्ष ऐकलं नाही त्याने वेव्हफोल्डर कुठे थांबवायचा? म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू पैशाची नाही. मिरजेत जाऊन कारागिराच्या परवानगीने त्याच्याजवळ बसायचं आणि जवारी काढताना ऐकायचं. आणि ज्याला परवडतं त्याने क्वांटायझरचे पैसे वाचवून तंबोऱ्यात घालावेत. दोन्ही एका खोलीत राहू शकतात. यंत्र तंबोऱ्याशी मिळवायचं, तंबोरा यंत्राशी नाही, एवढा क्रम पाळावा.

प्रश्न : पण मग यंत्र हवंच कशाला?

उत्तर : कारण तंबोरा षड्ज सोडत नाही, आणि सोडू नये. यंत्राचा षड्ज मात्र दहा मिनिटांत एका श्रुतीएवढा हळूच सरकवता येतो, आणि त्यावर दुसरा सूर काय करतो हे ऐकता येतं. असं गाणं गळ्यातून किंवा तारेतून काढणं फार अवघड. ते चांगलं होईल की नाही, मला सांगता येणार नाही. पण देवलांना इतका बारीक फरक हाताने हलवता येणारं यंत्र मिळालं असतं, तर बडोद्याला त्यांनी पट्ट्या दाखवल्या नसत्या, वाट दाखवली असती असं मला वाटतं. आज ते साहित्य एका टेबलावर मावतं. ते कुणी तरी या भागातच, या कानांनी करून बघावं, म्हणून हा सगळा खटाटोप.

वेळ संपली आहे. ज्यांना आकडे लिहून घ्यायचे आहेत त्यांच्यासाठी फळा पुसत नाही.